खेळाडूची सपोर्ट टीम उभी करताना: पायऱ्या, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

ठाणे-नवी मुंबईत राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरी हल्ली सल्ला देणाऱ्या माणसांची कमतरता नसते. कोच असतात, फिजिओ असतो, जिमचा ट्रेनर असतो, डाएटचा चार्ट फ्रिजवर चिकटवलेला असतो. तरी दुखापत होतेच. आणि झाली की प्रत्येक जण म्हणतो, "मला कुणी सांगितलंच नाही." खरंच सांगितलेलं नसतं. सगळ्यांचे निरोप खेळाडूच्या तोंडून गेलेले असतात, आणि खेळाडूइतका वाईट निरोप्या शोधून सापडणार नाही. त्याला खेळायचं असतं.

माझी धाकटी बहीण ८०० मीटर धावते. कळव्याला घर, ऐरोलीला माझी नोकरी, आणि उरलेल्या वेळात तिची मॅनेजरकी, असं सहा वर्षं चाललंय. पहिली दोन वर्षं आम्ही सगळं उलट्या क्रमाने केलं. सुलटा क्रम खाली देतोय.

आधी हे तयार ठेवा

कुणालाही फोन करण्याआधी एका खऱ्या आठवड्याचं वेळापत्रक लिहून काढा. असायला हवं ते लिहू नका, आहे ते लिहा. उठण्याची वेळ, लोकलची वेळ, स्टेशनवर रिक्षाच्या रांगेत गेलेली वीस मिनिटं, क्लास, जेवण, दिवा मालवल्याची वेळ. आम्ही लिहिलं तेव्हा लक्षात आलं की वाशीच्या फिजिओकडे आठवड्यातून दोनदा जाण्यायेण्यात तीन-तीन तास जात होते. कळव्याहून ठाणे, मग ट्रान्स हार्बर, मग पुन्हा रिक्षा. महिन्याला २४ तास, आणि तेही रिकव्हरीच्या नावाखाली. आम्ही ठाण्यातच फिजिओ शोधले. नाव तेवढं मोठं नव्हतं, पण बहीण साडेनऊला झोपायला लागली.

दुसरी तयारी फाइलची, तीही दोन वेगळ्या. एकीत जन्मदाखला, आधार, स्पर्धांची मूळ प्रमाणपत्रं. दहावी-बारावीचे क्रीडा गुण आणि राज्य सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण याच कागदांवर उभं असतं. दुसरीत एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने. दोन्ही एकत्र ठेवू नका. एन्ट्री फॉर्म घेणाऱ्या माणसाला तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन कळायची गरज नाही.

तिसरं, वर्षभराच्या खर्चाचा अंदाज. ऑलिम्पिक पदकाची आशा असलेल्यांसाठी केंद्राची टॉप्स योजना आहे; तिच्यातल्या कोअर, म्हणजे मुख्य गटाच्या खेळाडूला महिना ५० हजार रुपये भत्ता मिळतो आणि प्रशिक्षणाचा खर्च वेगळा उचलला जातो. तिथल्या खेळाडूची टीम बघून घरची टीम आखू नका. एका हंगामाचे पैसे बाजूला काढता येत नसतील, तर तो माणूस सध्या परवडत नाही असं समजा. तीन महिने फिजिओ आणि मग तीन महिने काहीच नाही, यात नुकसान जास्त होतं.

तपासा: वेळापत्रकात सलग आठ तास झोप दिसते का? दिसत नसेल तर नवा माणूस जोडू नका. आधी एखादी फेरी कमी करा.

पायरी १: कोण हवं, कोणत्या क्रमाने

पहिले कोच. दुसरा डॉक्टर, खेळाडूंच्या दुखापती बघणारा, आणि काही दुखत नसताना गाठलेला. तिसरा फिजिओ. चौथा आहारतज्ज्ञ. मानसतज्ज्ञाची गरज पडली तर तो कधीही, क्रम न बघता.

लोक नेमकं उलटं करतात. आधी सप्लिमेंट विकणारा ट्रेनर येतो, मग इन्स्टाग्रामवर पाहिलेला माइंड कोच. डॉक्टर सगळ्यांत शेवटी, तोही लंगडत. निरोगी अवस्थेतला एक रिपोर्ट हाताशी असेल तर पुढे "हे नेहमीचं आहे की नवीन" हे कुणालाही सांगता येतं. लांब अंतर धावणाऱ्या मुलींच्या बाबतीत हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा. हिमोग्लोबिन ठीक दिसत असतानाही शरीरातला लोहाचा साठा आटलेला असू शकतो.

पायरी २: माणूस पारखून घ्या

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, फिजिओची राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे. क्रमांक विचारायला लाजू नका. चांगला माणूस चिडत नाही, भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवतो.

मग एक सेशन नुसतं बसून बघा. कोच शेवटून दुसऱ्या आलेल्या मुलाशी काय बोलतात ते ऐका. पहिल्या आलेल्याशी सगळेच गोड बोलतात.

खेळाडू १८ वर्षांखालील असेल तर दोन नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका. बंद खोलीत एकट्याने मसाज किंवा टेपिंग नाही, आणि बाहेरगावच्या स्पर्धेत मोठ्या माणसासोबत एका खोलीत मुक्काम नाही. हे सांगताना समोरच्यावर संशय घेतोय असं वाटतं. वाटू द्या. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाचा अपमान होत नाही. काही गैर कानावर आलंच तर ते टीममध्ये मिटवायचं प्रकरण नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

सावधान: डोपिंगमुळे बंदी भोगत असलेल्या कोच किंवा ट्रेनरकडून मार्गदर्शन घेणं हासुद्धा खेळाडूचाच गुन्हा ठरू शकतो. "पूर्वी त्यांचं काहीतरी झालं होतं म्हणे" असं ऐकलंत तर नाडाच्या (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेच्या) संकेतस्थळावर नाव बघितल्याशिवाय फी भरू नका.

पायरी ३: शेवटचा शब्द कुणाचा, हे लिहून ठेवा

सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर हे लिहिलंय, आणि सगळ्यांनी त्याखाली सही केलीय. सह्या घेताना मलाच हसू येत होतं, पण पुढे त्याच कामाला आल्या.

"आज धावायचं नाही" हा शब्द डॉक्टर आणि फिजिओचा. तो कोचनी फिरवायचा नाही.

त्या मर्यादेत काय आणि किती करायचं, हे कोच ठरवणार. फिजिओने खेळाडूसमोर वर्कआउटवर टीका करायची नाही. काही खटकलं तर थेट कोचना फोन.

कुठल्या स्पर्धा खेळायच्या हे कोच आणि खेळाडू मिळून ठरवणार, तीन महिन्यांचं कॅलेंडर आणि परीक्षांचं वेळापत्रक समोर ठेवून.

तिकिटं, फॉर्म, पैसे, डबा हे घरच्यांचं. घरच्यांनी स्प्लिट टाइम (रेसमधल्या टप्प्यांच्या वेळा) विचारायचे नाहीत. रेस वाईट गेली तर खेळाडू जेवेपर्यंत रेसचा विषय काढायचा नाही. आमच्या बाबांना हे जमायला वर्ष लागलं. अजूनही रिक्षात ते खिडकीबाहेर बघत मोठ्याने उसासा टाकतात.

रेस मध्येच सोडायची की नाही, हे फक्त खेळाडूचं. नंतर "अजून दीडशेच तर होते" असं कुणी म्हणायचं नाही.

आणि १८ वर्षं पूर्ण झाली की तिचे रिपोर्ट कुणाला दाखवायचे हे ती ठरवणार, भाऊ नाही.

नेहमीची चूक: जो जास्त पैसे घेतो किंवा ज्याचं नाव मोठं, त्याचा शब्द आपोआप शेवटचा होतो. म्हणून हे पान पहिल्या महिन्यातच लिहा. दुखापत झाल्यावर कुणी सही करत नाही.

पायरी ४: वही, ग्रुप आणि रविवारचा फोन

आधी आमची फजिती सांगतो. बहीण सतरा वर्षांची होती. डाव्या नडगीच्या आतल्या बाजूला दुखत होतं. फिजिओंनी कागदावर लिहून दिलं: दोन आठवडे चढ-उतार बंद, फक्त सपाटीवर हळू जॉगिंग. तो कागद स्पाइक्सच्या पिशवीत तळाशी गेला. सरांना, म्हणजे तिच्या कोचना, ती म्हणाली, "फिजिओ म्हणाले थोडं जपून." सरांनी दहाऐवजी सहा रिपीट्स (तेच अंतर पुन्हा पुन्हा धावणं) दिल्या, पण येऊरच्या चढावर. संध्याकाळी फिजिओंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आज कमीच होतं." दोन्ही वाक्यं खरी होती. पाचव्या आठवड्यात एमआरआयमध्ये हाडाला तडा दिसला आणि हंगाम गेला. सर आणि फिजिओ तोवर एकमेकांशी एकदाही बोलले नव्हते. त्यांच्याकडे एकमेकांचे नंबरच नव्हते, आणि ते मी द्यायला हवे होते.

त्यानंतर वही आली. साधी दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. मोबाइल ॲप दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात बंद पडलं. वहीतली एका दिवसाची नोंद अशी असते:

"मंगळ. झोप साडेसहा तास. सकाळची नाडी ५८. डावी नडगी २/१०, जिना उतरताना. ६ × ३००, शेवटची दोन जड. मूड: वैताग, प्रॅक्टिकलची सबमिशन. औषध: काही नाही."

बस, एवढंच. भरायला दोन मिनिटं लागतात. दुखण्याला शून्य ते दहामधला आकडा द्यायचाच, आणि कधी दुखतं तेही लिहायचं. "थोडं दुखतंय" या शब्दांना आमच्या वहीत बंदी आहे. पाळीची नोंद ती कोपऱ्यात हिरव्या पेनाच्या ठिपक्याने करते. त्या ठिपक्याचा अर्थ तिला, डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना माहीत आहे. मला माहीत आहे कारण तिनेच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. सलग तीन महिने पाळी आली नाही तर ते "ट्रेनिंगमुळे होतं" म्हणून सोडून द्यायचं नसतं. खाणं मेहनतीला पुरत नसल्याची ती खूण असू शकते, आणि हाडांना तडे जाण्याची सुरुवात बऱ्याचदा तिथूनच होते. थेट डॉक्टर गाठा.

वहीच्या पानाचा फोटो रोज रात्री ग्रुपवर जातो. ग्रुपमध्ये चौघंच: सर, फिजिओ, ती आणि मी. फोटोत हिरवा ठिपका येऊ द्यायचा की नाही, हेही तिचंच. तिला ग्रुपबाहेर ठेवून मोठ्यांचा वेगळा ग्रुप काढू नका. तिला कळतंच, आणि कळलं की वहीतले आकडे खोटे व्हायला लागतात. ग्रुपवर शुभ सकाळ नाही, प्रमाणपत्रांचे फोटो नाहीत. याच कारणाने बाबा ग्रुपमध्ये नाहीत.

रविवारी रात्री पंधरा मिनिटांचा कॉन्फरन्स कॉल. तीनच प्रश्न: काय दुखतंय, पुढच्या आठवड्यात काय बदलतंय, आणि कुणी कुणाशी परस्पर बोलायचं राहिलंय. तिसऱ्या प्रश्नासाठीच तो फोन असतो.

तपासा: कोच आणि फिजिओचं एकमेकांशी थेट बोलणं शेवटचं कधी झालं? तारीख आठवत नसेल तर तुमचा खेळाडू पुन्हा निरोप्या झालाय.

पायरी ५: औषध, सलाईन, डबे

विरारचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ आठवून बघा. २०१९ मध्ये त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडलं. खोकल्याच्या औषधांमध्ये सर्रास असणारा हा घटक. त्याने ते खोकल्यासाठी घेतलं होतं, हे बीसीसीआयने मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी बसली. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच, हेतू काहीही असो, हा नियम आहे.

आपल्याकडे जूनपासून घराघरात खोकला असतो आणि कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठीशिवाय बाटली देतो. म्हणून क्रम असा:

डॉक्टरकडे गेल्यावर लक्षणं सांगण्याआधी पहिलं वाक्य बोला, "हिची डोप टेस्ट होऊ शकते." लिहून दिलेल्या औषधातला घटक वाचा, ब्रँड नव्हे. एकाच नावाच्या दोन सिरपमध्ये वेगळे घटक असतात. वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी-यादीशी तो ताडून बघा. नवी यादी दरवर्षी १ जानेवारीला लागू होते, त्यामुळे मागच्या वर्षी चाललेलं औषध यंदा चालेलच असं नाही. दम्यासारख्या आजारात बंदीतलंच औषध लागत असेल तर सूट मिळवण्याचा रीतसर अर्ज असतो. तो डॉक्टरांकडून भरून घ्या, शक्यतो औषध सुरू करण्याआधी. मग वहीत नोंद. डोप टेस्टच्या फॉर्मवर मागच्या सात दिवसांतली औषधं आणि सप्लिमेंट लिहावी लागतात. त्या वेळी काही आठवत नाही, वही आठवते.

सलाईनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण इथेच भले भले फसतात. थकवा आला, ताप उतरला की आपल्याकडे "एक सलाईन लावून घे, तरतरी येईल" असं सहज म्हणतात. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणं खेळाडूला मनाई आहे, त्यात बंदीचं औषध नसलं तरी. रुग्णालयातले उपचार, शस्त्रक्रिया आणि तपासण्या यांना अपवाद आहे. गल्लीतल्या दवाखान्यातल्या तरतरीच्या बाटलीला नाही. हे घरात आजीलासुद्धा सांगून ठेवा.

प्रोटीनचे डबे आणि वजन-ताकदीची चूर्णं यांचं थोडक्यात: लेबलवर नाही म्हणजे आत नाही, असं नसतं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना म्हणजे डोपिंगच्या दृष्टीने सुरक्षित असाही अर्थ नाही. आहारतज्ज्ञाने लेखी कारण दिलं तरच, आणि संपलेल्या डब्याचा बॅच नंबर फाइलमध्ये.

सावधान: खेळाडूचं नाव नाडाच्या नोंदणीकृत चाचणी यादीत आलं तर दररोज एका तासाचं ठिकाण आधी कळवावं लागतं. कळवण्यात किंवा हजर राहण्यात बारा महिन्यांत तीन चुका झाल्या, तर नमुना स्वच्छ असूनही कारवाई होते. फॉर्म भावाने भरला, विसरला भाऊ, तरी शिक्षा खेळाडूला. मी माझ्या फोनवर गजर लावतो, पण भरते तीच.

पायरी ६: स्पर्धेचा आठवडा

या आठवड्यात नवीन काही नाही. नवे बूट नाहीत, नवं जेल नाही, नवा सल्लागार नाही. बालेवाडीला स्पर्धा असेल तर आदल्या दिवशी पोचा. पहाटे निघून एक्स्प्रेसवेच्या घाटात अडकलेल्या मुली मी पाहिल्यात, बसच्या मधल्या जागेत वॉर्मअप करताना.

कामं नावानिशी वाटा: चेस्ट नंबर कोण घेणार, बॅग कुणाकडे, कॉल रूमपर्यंत (रेसआधी खेळाडूंना जमवतात ती खोली) कोण सोडणार, फोन कुणाकडे राहणार. शेवटच्या तासात तिच्याशी एकाच माणसाने बोलायचं. आमच्याकडे सर. मी गॅलरीत. पाण्याची बाटली एकदा नजरेआड झाली की ओतून द्या आणि नवी सीलबंद घ्या. कुणीतरी मिसळलं असेल, हे नंतर सिद्ध करणं किती अवघड असतं ते २०१६ मध्ये पैलवान नरसिंग यादवच्या वेळी दिसलं. त्याचा दावा क्रीडा लवादाने मानला नाही आणि चार वर्षांची बंदी लागली. ही सगळी वाटणी आधी एखाद्या जिल्हा स्पर्धेत करून बघा.

वजनगटाच्या खेळात असाल तर आणखी एक. ७ ऑगस्ट २०२४च्या सकाळी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगटचं वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरलं. तिची टीम रात्रभर झटली, केससुद्धा कापले, तरी ते उतरलं नाही. आधी ५३ किलोत लढणारी ही मुलगी, आणि वजन दोन्ही दिवशी करण्याचा नियम. असा गट निवडताना दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं गणित कोच, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनी एकत्र बसून, काही महिने आधी मांडायचं असतं. आदल्या रात्री कुणाच्याच हातात फार काही राहत नाही. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या बाबतीत तर पाणी तोडून वजन उतरवायला सरळ नाही म्हणा.

पायरी ७: दुखापत झाल्यावर

पहिल्या दिवशी एकच माणूस सगळ्यांना कळवेल, लेखी. दुसरं मत जरूर घ्या, पण उघडपणे, पहिल्या डॉक्टरचे रिपोर्ट दाखवून. परतण्याची तारीख जाहीर करू नका, निकष ठरवा: चालताना दुखत नाही, एका पायावर उड्या मारता येतात, सपाटीवर वीस मिनिटं जॉगिंग झालं आणि दुसऱ्या सकाळी वहीत शून्य. नेमके निकष फिजिओ देतील. निवड चाचणीची तारीख बघून ते सैल करू नका.

आणि मैदानाशी नातं तोडू नका. नडगीच्या तड्यानंतरच्या पाच महिन्यांत सरांनी तिच्या हातात स्टॉपवॉच दिलं आणि लहान मुलांच्या लॅप्स लिहायला बसवलं. पहिला आठवडा ती रडत आली. मग आठ वर्षांच्या पोरांना "हात खांद्यावर घेऊ नकोस" असं ओरडायला लागली. तिचा विश्वास सरांवर बसला तो तेव्हा, रेस जिंकल्यावर नाही.

पायरी ८: माणूस बदलायचा असेल तर

बदल होतात. भालाफेकपटू नीरज चोप्रानेही पॅरिसनंतर कोच क्लाउस बार्टोनिएट्झ यांच्याबरोबरची सुमारे पाच वर्षांची सोबत थांबवली आणि यान झेलेझनी यांच्याकडे सराव सुरू केला. हंगाम संपल्यावर, उघडपणे. आपल्याकडे मात्र मुलगी एक दिवस येईनाशी होते आणि सरांना ते दुसऱ्या पालकांकडून कळतं.

हंगामाच्या मध्ये बदलू नका (सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर त्याच दिवशी बदला). खेळाडूने आणि घरच्या एकाने समोर जाऊन सांगा. बाकी फी चुकती करा. मागच्या सहा महिन्यांतल्या सरावाचा लोड आणि दुखापतींची नोंद लेखी मागा. एन्ट्री पोर्टलचे पासवर्ड बदला. जुन्या आणि नव्या कोचचा एक फोन लावून द्या, आणि त्या फोनवर खेळाडूला बोलायला लावू नका.

मागच्या वर्षी बहीण नेरूळला मावशीकडे राहायला गेली आणि तिथल्या मॅडमकडे सराव सुरू झाला. सरांना ग्रुपमधून काढायचं कसं, हा प्रश्न मी आठवडाभर टाळला. मॅडमना ग्रुपमध्ये घेतलं त्या रात्री सरांनीच मेसेज टाकला: "मॅडम, डावी नडगी. २ लिहिते तेव्हा ४ समजा." आणि ते ग्रुप सोडून गेले.